आप्पांच्या गाठीची जात

अक्का, कोइम्बतूरवरनं गुंडा पाया पडतो. बाळ चालाय लागलं का?

आप्पा जेवत्यात, नर्सबायांस्नी दम बी देत्यात. स्वादुपिंडातली गाठ अजून कॅन्सर न्हाई, पण तिच्यात जाती असत्यात. जठरासारख्या पेशींची गरीब, तिच्यावर बहुतेक नुसतं ध्यान ठेवत्यात. पित्तनळीसारख्या पेशींची लय वंगाळ, ती लवकर कापाय लागती. आप्पांची वंगाळ निघाली.

त्यांचं तोंड बघून मी थाप मारली, "गरीब हाय." तर म्हणालं, "मग कापायची कशाला? गावाकडं जाऊ, विट्याचं तिकीट काढ!"

आता खरं सांगतोय तर हसत्यात. "गुंड्या, बापालाच टोपी घालतोस व्हय रं?"

सोमवारी ऑपरेशन हाय आन् सही करंनात. तू कवा खोटं बोलली न्हाईस, तूच फोन कर. पर रडू नगंस. रडलीस तर म्हणतील, हिला बी गुंड्यानंच शिकवलंय.

तुझा नालायक भाऊ,
गुंडा