सिन्नरच्या चिखलातील अंडी व इतर मालमत्ता

मी, कु. वत्सला रंगनाथ गांगुर्डे, प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार नाशिकरोड, बुद्धी जागेवर असताना व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवते. बुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण वहिनींना शंका आहे.

१. राहते घर दिवंगत भावाच्या पत्नी लताबाई यांना देते. बहात्तरच्या दुष्काळात सिन्नरजवळच्या आटलेल्या तळ्याचा चिखल मी डब्यात भरून आणला होता. काही वर्षांनी वहिनींना पापडांसाठी डबा हवा झाला. त्यांनी ढेकळे कुंडीमागे फेकली आणि डब्यात पाणी ओतून तो अंगणात भिजत ठेवला. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. मग त्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात रोटिफर पोहत होते. डोळ्यांना न दिसणारे हे जीव डब्याला चिकटून राहिलेल्या कोरड्या चिखलातल्या अंड्यांतून निघाले होते. घर त्याबद्दल. पापड मात्र मला कधीच आवडले नाहीत.

२. सूक्ष्मदर्शक व वेचून ठेवलेली ढेकळे वनस्पतिशास्त्राचे प्रा. धोंडीराम आव्हाड यांना देते. जीव वाऱ्याने पडले असतील, असे ते म्हणाले होते. मी उकळून गार केलेल्या, झाकलेल्या पाण्यात ढेकूळ टाकून तेच पुन्हा दाखवले. मग समजावले, की बरे दिवस असताना माद्या नराशिवायच पातळ कवचाची अंडी घालतात व त्यांतून माद्याच निघतात. दिवस फिरले की नर उपजतात आणि जाड कवचाची, दुष्काळ सोसणारी अंडी होतात.

आव्हाड विचारात पडले. "म्हणजे पूर्वी नर कायम होते, नंतर माद्यांनी त्यांना कामापुरते ठेवले?"

"उत्क्रांतीने ठेवले," मी म्हणाले.

त्यांनी तिथेच मला लग्नाचे विचारले. मी नकार दिला. तेव्हापासून पाऊस लांबला की ते दारात येत. "तळी आटत आली, बाई. अशा वेळी नर लागतो." मी चहा देई, नकारही देई. एकटे राहणे मला आवडते, आणि ते चहा फुरके मारून पितात.

३. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करावा. 'बाईंना अंड्यांचा नाद' म्हणणाऱ्या माजी विभागप्रमुखांना बोलू देऊ नये.

४. हे वाचून दाखवताना वकिलांनी बजावले, की साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेतले तर पुढे वाद होतो, तेव्हा आव्हाडांनी सही करू नये. आव्हाडांनी पेन काढले.

"सूक्ष्मदर्शक राहू द्या," ते म्हणाले. "दोघांची सही एका कागदावर व्हायची ही शेवटची संधी आहे."

सबब कलम २ मधील वस्तूही लताबाईंकडे जातील. त्या सूक्ष्मदर्शकाखाली रवा निवडणार आहेत. मी हरकत घेतलेली नाही.

नाशिकरोड, १२ जून १९८४

सही : वत्सला गांगुर्डे

साक्षीदार :
डॉ. मोतीराम निकम
धोंडीराम आव्हाड (जागा भरपूर असताना यांनी सही माझ्या सहीला खेटून केली आहे. ती तशीच ग्राह्य धरावी. — व. गां.)