कपाटातला शेवटचा ट्रॅक

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा माझे कपडे पलंगावर. रेकॉर्डिंगसाठी कपाटात पाहुणी गायिका उभी राहणार! मागच्या खोलीत आवाज घुमतो म्हणे, कपाटात घुमत नाही. मग नंतर कॉम्प्युटरवर मुद्दाम घुमवायचा — हे मला अजून समजलेलं नाही.

नवरोबाचं संगीत संथ. पहिला ठोका पडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. बोलले तर म्हणतो, "हे घाईच्या माणसांसाठी नाहीच आहे." घरात घाईचं माणूस एकच, मी.

८ मार्च, रविवार

अल्बमच्या शेवटच्या ट्रॅकसाठी आत्या तयार झाल्या! ह्याच्या आत्या एके काळी मैफली गाजवायच्या. भर कार्यक्रमात आवाज फाटला, तेव्हापासून घरात गुणगुणल्यासुद्धा नाहीत. ह्यानं फोन करकरून त्यांना भंडावलं. शेवटी म्हणाल्या, "गाते. पण आवडलं नाही म्हणून काढलंस, तर पुन्हा मला गा म्हणायचं नाही."

चाल कळावी म्हणून मी कच्चा आवाज देऊन ठेवला. प्रत्येक गाण्याला मीच देते. पाहुणे तो ऐकून गातात, मग माझा पुसला जातो. अल्बममध्ये सगळ्यात जास्त गायले मी, आणि नाव कुठेच नाही. असो!

१४ मार्च, शनिवार

आत्या कपाटात शिरल्या. माझा स्वेटर चिमटीत धरून म्हणाल्या, "हा कधी धुतेस?" मग गायल्या. मी दाराशी उभी राहून रडले. बाहेर येताच म्हणाल्या, "बरं झालं का? खरं सांगा."

२७ मार्च, शुक्रवार

अल्बम बाहेर पडला.

संध्याकाळी सगळे आमच्याकडे ऐकायला. आत्या मधल्या खुर्चीत, इस्त्रीची साडी. शेवटचा ट्रॅक लागला. ती मी होते! अल्बम कंपनीकडे पाठवताना ह्यानं आत्यांचा आवाज बंद ठेवलाय आणि माझा कच्चा चालू! सगळ्यांच्या आवाजाला एवढा घुमारा चढवलाय, की ह्यालाही पत्ता नाही. डोळे मिटून मान डोलावतोय!

मी आत्यांकडे बघायचं टाळलं. टाळ्या झाल्या. "आत्या, काय आवाज लागलाय!" आत्या म्हणाल्या, "हं. लागलाय खरा." आणि शांतपणे सरबत प्यायल्या. म्हणजे त्यांनाही कळलं नाही? देव पावला.

२८ मार्च, शनिवार

सकाळी ह्याला सांगितलं. पांढराफटक पडला. आत्यांचा आवाज घालून पुन्हा पाठवतोय, पण लोकांपर्यंत जायला काही दिवस लागणार. तोवर आत्यांना कळलं तर? चुकून झालं म्हटलेलं त्यांना पटायचं नाही. आवडलं नाही म्हणून काढलं असंच धरतील, आणि पुन्हा तोंड उघडणार नाहीत. गप्प बसायचं ठरलं. मला ते काही बरं वाटत नाहीये.

२९ मार्च, रविवार

आत्यांचा फोन. मला. "दुसऱ्या ओळीत श्वास तुटतो तुझा."

मी म्हटलं, आत्या, अहो ते चुकून—

"कळलं मला. तो वेंधळा आहे, लबाड नाही. तू उद्यापासून सकाळी शिकायला ये. मीही बसणार आहे गायला."