बेलवरचं नाव

३ ऑक्टोबर

नाही म्हणाले! गांजाच्या तेलाचा खर्च आमचा प्रांत देत नाही. नदीपलीकडचा देतो. देश एक, दुखणं एक, तेल एक—मध्ये फक्त पूल! एजिदिओचे पाय पहाटे लाकडासारखे ताठ होतात, उशी दातांत धरून ओरडतो माझा नवरा. आणि आरोग्य कचेरीच्या खिडकीतली ती बया म्हणते, "सिन्योरा, तुमचा पत्ताच चुकीचा." मेली!

इतके दिवस पदरमोड करून आणलं. आता शक्य नाही.

४ ऑक्टोबर

डॉक्टर लोप्रेस्ती दार लोटून हळूच म्हणाले, "पलीकडे कुणी नातेवाईक? पत्ता तिथला लावता येईल."

आहे ना. ओर्तेन्सिया, माझी थोरली नणंद. आमच्या लग्नात काळे कपडे घालून आलेली.

९ ऑक्टोबर

गेले शेवटी. अडला हरी—पुढचं लिहीत नाही.

वन्संनी कॉफी दिली, साखर विचारली नाही. "माझ्या भावाला माझं घर परकं आहे का? पण अमालिया, पत्ता बदलला की नगरपालिकेचा पोलीस तपासायला येतो. दाराच्या बेलवर नाव हवं, आणि नाव तिथे माणूस हवा. तपासणी होईपर्यंत राहू दे त्याला."

तशीही मला ऑलिव्हच्या हंगामात घाणा सोडून जाता येत नाही. तपासणी झाली की तो घरी. ठरलं.

१५ ऑक्टोबर

सोडून आले त्याला. वन्संनी पितळेच्या पाटीवर त्याचं नाव कोरून घेतलंय! कागदाचा चिटोरा चालला असता.

कुणी चुगली केली तर पोलीस आमच्याकडेही येतो म्हणे. म्हणून आरशासमोर पाठ केलं: "नवरा? छे, तो इथे राहत नाही. बहिणीकडे गेला." माझं मलाच हसू आलं.

६ नोव्हेंबर

तेल मिळालं! फुकट! घाण्यावरच ढसाढसा रडले. मुकादम म्हणाला, "बाई, आपल्या तेलावर कुणी एवढं रडलं नाही हो."

१७ नोव्हेंबर, रविवार

एजिदिओ दारापर्यंत चालत आला, काठीशिवाय! खूप आनंद झाला, खोटं का लिहू. वन्संनी वाळलेल्या मिरच्या तळल्या होत्या, त्याच्या आईसारख्या. "बघ, तोंडावर तेज आलं की नाही? तिकडे नुसतं सूप पाजत होतीस!" आणि तो आपला मिरच्या खात बसला!

मी निघताना म्हणाला, "पुढच्या वेळी माझा जाड कोट आण गं."

"तपासणी झाली?"

"झाली की. मागेच."

मागेच?

२४ नोव्हेंबर

कोट नेला. विचारलंच शेवटी. खाली मान घालून म्हणाला, "तुला बघितलं की त्या पहाटा आठवतात, अमालिया. पाय लगेच आखडतात." त्या पहाटा! पाय चोळत कोण बसत होतं? गरज सरो, वैद्य मरो. राग येतोय, आणि तो चालतोय म्हणून नीट रागावताही येत नाही.

२ डिसेंबर

आज पोलीस आला. आमच्याकडे. टोपी काढून म्हणाला, "एजिदिओ इथे राहतात का?"

पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. एक अक्षर खोटं नव्हतं.