मानलेली लेक

१९ जुलै
नांदेडहून लातूर, लातूरहून मुरुड, तिथून जीपने गाव. कंबर मोडली, पण मी जाम खूश आहे! मानववंशशास्त्राचं माझं पहिलं क्षेत्रकार्य. मुक्काम चांगुणामावशींकडे. आमच्या रेणुका मॅडमही शिकत असताना याच घरात राहिल्या होत्या. त्यांचा सल्ला: आधी घरचं व्हायचं, मग प्रश्न विचारायचे, आणि कशालाही नाही म्हणायचं नाही. मॅडमची बंद चिठ्ठी दिली, तर मावशींनी मला पोटाशीच धरलं. सहभागी निरीक्षणाच्या नावाखाली मी चार भाकरी हाणल्या.

२२ जुलै
मावशींची लेक अंजू नागपंचमीच्या झोक्यावरून पडून वारली होती. आज त्यांनी माझी ओटी भरली, अंजूच्या बांगड्या मला घातल्या. लेक मानायची या घरची रीत. पंचमीला झोक्यावर पहिला मान माझा. शेजारणीही अंजू म्हणूनच हाक मारतात. वहीत ऐटीत लिहिलं: गावाने स्वीकारलं. मॅडमना कळवलं. त्यांनी एवढंच विचारलं, ओटी घेतलीस ना?

२५ जुलै
वंशावळ काढायला बसले. मावशींनी मानलेल्या लेकी आधीच्या तीन सांगितल्या. पहिली आमची मॅडम. बाकी दोघी मॅडमनीच धाडलेल्या. दोघीही पंचमीच्या झोक्यावरूनच पडून वारल्या. मेथी निवडता निवडता मावशी म्हणाल्या, "दर सात वर्सांनी अंजूला जोडीदारीण लागतीच बाई."
त्यातल्या एकीचा हार घातलेला फोटो आमच्या विभागात आहे. मॅडम रोज त्याला नमस्कार करतात.

२६ जुलै
देवघरात ती चिठ्ठी सापडली. मॅडमचं अक्षर, आणि माझं नाव: माझ्या जागी मंजुषाला पाठवत आहे. पोरगी गुणी आहे, नाही म्हणणार नाही.
गुणी! या बाईला मी आईच्या जागी मानलं होतं.

२७ जुलै
मुरुडला पळाले. एसटीत बसलेही. कंडक्टरला मी कधी पाहिलेलं नाही. त्याने माझी पिशवी उचलून खाली ठेवली. म्हणाला, "अंजू, सण करून जा की."

२८ जुलै
पुन्हा मावशींच्याच घरात. मॅडम फोन उचलत नाहीत. बांगड्या निघत नाहीत — साबण लावला, तेल लावलं —
मावशी मायेने म्हणाल्या, भिऊ नको, रेणुकावानी तूबी एक नाव लिहून दे. ती पोरगी येईस्तोवर अंजू थांबती.
देणार नाही. मी मॅडम नाही.

२९ जुलै, पंचमी
लिंबाला दोर बांधला — बाया गाणी म्हणतायत — झोका रिकामाच हलतोय — माझा हात धरलाय, कुणी ते दिसत नाही —
हॉस्टेलवरची शिवानी, माझी ज्युनिअर — मला ताई म्हणते — तीही विषय शोधतेय —
मावशी, माझ्या जागी शिव—