तांब्याभर पाणी

प्रिय शेबनेम,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकली असशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. दर रविवारी तुझा फोन आला की ‘बरी आहेस ना?’ एवढं विचारून मी तो आईच्या हातात देतो. नऊ वर्षांत आपलं बोलणं तेवढंच. आज सांगायचं आहे ते त्यात मावत नाही, म्हणून कागद घेतला.

आधी बातमी. येत्या बावीस तारखेला तुझ्या आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. तुला कळवायचं नाही असं तिने मला बजावलंय. ‘आजारी बाईला भेटायला म्हणून पोरगी येईल, आणि तसली भेट मला नको,’ असं तिचं म्हणणं. मी मान डोलावली होती. आता शब्द मोडतोय.

डॉक्टरांकडून आल्यावर तिने एकच मागितलं, मला आझमाकवर घेऊन चल, पार उगमापर्यंत. चाळीस वर्षं मी त्या नदीवर नाव चालवतो, आणि ती माझ्या नावेत शेवटची कधी बसली ते मलाच आठवेना. बुधवारी धक्क्यावर माझा नंबर आला होता, तो मी सोडून दिला. शेजारच्या नावेतून बेकिर लगेच ओरडला, ‘काय रे रासिम, आज गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून बायकोला बसवलंस होय?’ तुझी आई म्हणाली, ‘तूही तुझ्या बायकोला कधीतरी बसव. जेवायला तरी घालेल तुला.’ सगळा धक्का हसला. बेकिरही हसला, पण जरा उशिरा.

पाणी तू पाहिलंस तसंच आहे. तळाचं गवत विंचरल्यासारखं एका अंगाला पडलेलं. मागच्या आठवड्यात अंकाराहून आलेला एक गृहस्थ ‘गुडघाभर तर आहे’ म्हणत उतरला आणि टोपीसकट गडप झाला. दोघांनी धरून वर ओढला. तळ दिसतो म्हणून तो जवळ आहे असं वाटतं. मी प्रत्येकाला सांगतो, तरी दरवर्षी कोणीतरी उतरतंच.

उगमाशी चिनाराखाली नाव बांधली. आईने मोजे काढून पाय पाण्यात सोडले आणि गारठ्याला एक शिवी हासडली. घरून आणलेल्या, पनीर भरलेल्या बोरेकचा तुकडा माझ्या हातात दिला. मग पाण्याकडेच बघत म्हणाली, ‘पोरगी येत नाही, यात तिचा दोष नाही रे. माझा आहे. ती निघाली त्या दिवशी तिच्या मागे पाणी ओतायला म्हणून धावत दारात आले, तांब्या उचलला, तर रिकामा. भरायलाच विसरले होते. पुन्हा भरून आणेपर्यंत गाडी वळली. पाण्यासारखी जा, पाण्यासारखी ये, एवढं म्हणायचं असतं आईने. तेवढंही माझ्या हातून झालं नाही.’

नऊ वर्षं ती हे मनात धरून बसली होती, शेबनेम. हातातला बोरेक मी तसाच खाली ठेवला.

कारण तांब्या तिने भरला होता, अगदी काठोकाठ. तू गाडीत बॅगा ठेवत होतीस. टोर्बेन, माझा नवा जावई, मला हात मिळवायला पायरीपर्यंत आला होता. मी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि दारातला तो तांब्या पुदिन्याच्या वाफ्यात रिता करून परत जागेवर ठेवला. मला न विचारता लग्न करून आलेल्या मुलीच्या मागे या दारातून पाणी पडणार नाही, असा माझा ताठा. तू ते पाहिलंस. तू पाहिलंस हेही मी पाहिलं. आई तेवढी आत होती. पुढे ती स्वतःला विसरभोळी म्हणू लागली आणि मी तिला म्हणू दिलं, कारण ते मला सोयीचं होतं.

बुधवारी तिथेच, उगमाशी, मी तिला सगळं सांगून टाकलं. तिने पाय पाण्याबाहेर घेतले. पाय पुसले, मोजे चढवले आणि घरापर्यंत माझ्याकडे पाठ करून बसली. चार दिवस जेवण वाढते, चहा समोर ठेवते, पण तोंडातून शब्द नाही. आज सकाळी बोलली ते एवढंच, ‘मला काय सांगतोस? जिच्या मागे ओतायचं होतं तिला सांग.’

म्हणून हे पत्र. चूक माझी होती, तुझी नव्हती आणि तुझ्या आईची तर नव्हतीच. ऑपरेशनचं कळवलं ते तुझा हक्क म्हणून. ते ऐकून तू येशील हे मला ठाऊक आहे, पण त्या आडोशाला उभं राहून मी तुला बोलावणार नाही. तू बावीसच्या आधी ये, नंतर ये, अंजिरं पिकल्यावर ये. टोर्बेनलाही आण, त्याची माफी मला समोरासमोर मागायची आहे. आईने तुला बोलावलेलं नाही. मी बोलावतोय, माझ्यासाठी. मला माझी मुलगी बघायची आहे.

अजूनही तुझाच,
बाबा