धवल्यांची दुसरी प्रत

थळ, मंगळवार

प्रिय प्राप्ती,

अडीच वर्षांनी बापाचं पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होतो, पण तू नुसतं ‘बाबा’ म्हणालीस तरी मला पुढे बोलता यायचं नाही.

तुझ्या आईच्या गळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात नऊ तारखेला आहे. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. साऱ्या पंचक्रोशीच्या लग्नांत गाणारी धवलारीण ती! तिने फोनवर रेकॉर्ड केलेले सगळे धवले आपल्या जुन्या कॉम्प्युटरात आहेत आणि खाऱ्या हवेने तो डबा आता कधी मान टाकेल सांगता येत नाही. म्हणून अलिबागला ओंकारच्या दुकानात हार्ड डिस्क घ्यायला गेलो. तो महागातली एसएसडी दाखवायला लागला, पडली तरी बिघडत नाही म्हणे. म्हटलं, बाबा रे, मी ती कपाटात ठेवणार, क्रिकेटला नेणार नाही. शेवटी एक टीबीची साधी, फिरत्या तबकडीची घेतली. गाण्यांना चिक्कार झाली.

घरी येऊन सगळं कट करून नव्या डिस्कमध्ये पेस्ट केलं आणि ऐटीत ओंकारला कळवलं. तो म्हणाला, “काका, हा बॅकअप नाही, बिऱ्हाड हलवलंत तुम्ही.” प्रत दोन्हीकडे हवी म्हणे. तुझ्या आईने उभ्या जन्मात धवल्याची एक ओळ वहीत लिहिली नाही, सगळं एका डोक्यात. मग दोन प्रती मला सुचणार कुठून?

मुकाट्याने सगळं परत कॉम्प्युटरात कॉपी केलं आणि नीट उघडतंय का म्हणून एकेक ऐकत बसलो. एका फाईलवर तुझ्या लग्नाची तारीख दिसली. त्या दिवशी पुण्याला रजिस्टरवर सही करायला तू एकटी गेलीस, कारण आईला मी उंबरठा ओलांडू दिला नाही. त्या धवल्यात नवरीचं नाव प्राप्ती आहे आणि नवऱ्याचं विपुल. या घरात मी घेऊ न दिलेलं नाव. मागे पाण्याचा पंप चालू आहे, मला ऐकू जाऊ नये म्हणून लावला असणार.

तिला विचारलं. भाकरी थापता थापता वर न बघता म्हणाली, “धवल्याबिगर धाडली न्हाय मी माज्या पोरीला.”

पोरी, मी चुकलो. हट्टापायी तुझी हळद खाल्ली मी. आईच्या गळ्यात आवाज आहे तोवर जावईबापूंना घेऊन ये. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी ती तुम्हा दोघांना पाटावर बसवून गाणार आहे, आणि मी समोर बसून ऐकणार आहे.

तुझाच,
बाबा