दोनशे चाळीस फूट कमी

८ सप्टेंबर, रविवार

२३८०! दहा गोळ्या झाडल्या, दहाही तिथेच घुटमळल्या. जेरेमीने वेग मोजणारं यंत्र हलवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "टू स्लो, मीना. स्कॉटलंडमध्ये हे चालणार नाही."

चालणार नाही म्हणजे कायद्यानेच. तिथल्या मोठ्या हरणांवर सेकंदाला २४५० फुटांपेक्षा हळू गोळी झाडायला बंदी आहे. जनावर जखमी होऊन पळतं, तडफडतं. बरोबरच आहे. पण ह्यांच्या वहीत दोन वर्षांपूर्वीचा आकडा २६२० आहे. तीच रायफल, तीच गोळी, तीच पावडर. मग दोनशे चाळीस फूट गेले कुठे?

ऑक्टोबरअखेर शिकारीला स्कॉटलंड. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून. लोक मालदीवला जातात, आम्ही चिखलात.

गाडीत ह्यांना सांगितलं. "यंत्र बिघडलं असेल," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. ब्रॅकनेलला तीस वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून त्यांना रडवणारा माणूस! असा आकडा ऐकून गाडी थांबवायला लावली असती ह्यांनी एरवी.

९ सप्टेंबर

आमच्या घरात कामाची वाटणी सरळ आहे. मी मारते, हे बनवतात. जेरेमीच्या शेतातलं पीक हरणं फस्त करायची, नऊ वर्षांपूर्वी त्याने मला शिकवलं आणि माझा हात बसला. ह्यांच्याने झुरळ मारवत नाही. पण काडतूस बनवायचं म्हटलं की डोळे चमकतात. "दुकानातली कशाला? त्यांना तुझी रायफल माहीत आहे का?"

गॅरेजमधलं ते टेबल म्हणजे रिटायर झाल्यापासूनचं ह्यांचं ऑफिस. काट्यावर पावडर तोलायची, नरसाळ्याने पितळी नळकांड्यात ओतायची, वर गोळी बसवून दाबायची. पन्नास नळकांडी ओळीत, आणि मोजणं मोठ्याने. लाभ, दोन, तीन, चार... सासऱ्यांचं बार्शीला धान्याचं दुकान होतं. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. बेसिंगस्टोकच्या गॅरेजमध्येही तेच. 'लाभ' ऐकू आला की मी चहालासुद्धा हाक मारत नाही.

असो. सत्तावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली आहेत मी. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. दोषी सापडेलच.

१५ सप्टेंबर, रविवार

यंत्र निर्दोष! दुकानातली काडतुसं घेऊन गेले होते. खोक्यावर छापलेल्या आकड्याच्या जवळपास वेग आला. म्हणजे यंत्रही ठीक आणि रायफलची नळीही ठीक. पाठोपाठ आमची झाडली — २३७५, २३८२, २३८०.

म्हणजे गडबड आमच्याच काडतुसात.

१६ सप्टेंबर

पावडर जुनी झाली असेल? तसं म्हणावं तर डबा यंदाचाच, झाकण घट्ट. तरी नवा आणते म्हटलं. तर हे म्हणाले, "कशाला एवढा खटाटोप? स्कॉटलंड राहू दे ना यंदा."

मी भडकले. राहू दे? हॉटेल ह्यांनीच शोधलं होतं! नंतर भांडी घासताना वाईट वाटलं. हल्ली हे पटकन गप्प होतात. पूर्वी निदान भांडायचे तरी.

१८ सप्टेंबर

काटा तपासला, प्रमाण वजनं ठेवून. तंतोतंत.

आता उरलं कोण?

२१ सप्टेंबर, शनिवार

शेजारची शशी ह्यांना लायब्ररीत घेऊन गेली. मी गॅरेजमध्ये शिरले. चोरासारखी — स्वतःच्या घरात!

वीस काडतुसं फोडली. हातोडीसारखं अवजार असतं, त्यात अडकवून आपटलं की गोळी निसटते आणि पावडर बाहेर येते. एकेक तोलली. वहीत लिहिलंय त्यापेक्षा चार ग्रेन कमी. ग्रेन म्हणजे इवलंसं माप, पण चार ग्रेनमध्ये दोनशे चाळीस फूट सहज जातात. आणि वहीत? जुनंच वजन. ह्यांच्याच अक्षरात, तारखेसकट. पानामागून पान.

एक समजत नाही. लॅबमध्ये कुणाचा हात चुकायला लागला की आकडे विखुरतात. हे वीसच्या वीस सारखे.

चष्मा! नक्कीच चष्मा. काट्यावरचा आकडाच चुकीचा दिसत असणार, दर वेळी तसाच. सोमवारी डोळे तपासायला नेते.

२३ सप्टेंबर

डोळे उत्तम. नंबरसुद्धा बदललेला नाही. देवा, इतकं वाईट मला चांगल्या बातमीचं कधी वाटलं नव्हतं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होते. गॅरेजचं दार अर्धवट उघडं.

"लाभ, दोन, तीन, चार, पाच..." मग शांतता. नळकांडी सरकवल्याचा आवाज. "लाभ, दोन, तीन..." परत शांतता. परत "लाभ".

चार वेळा. चौथ्यांदा सातापर्यंत गेले आणि थांबले. मग हळूच, कुणाला तरी विचारल्यासारखं — "किती झाले?"

आत कुणी नव्हतं. ओला टॉवेल तोंडावर धरून मी तिथेच खाली बसले. ह्या माणसाने आमच्या लग्नात पंगतीची पानं मोजली होती, तीनशे बारा, एकही न चुकता. आज ह्यांना दहापर्यंत पोचता येत नाही. आणि मी पावडरच्या डब्यावर संशय घेत बसले होते.

१ ऑक्टोबर

आता सगळंच आठवतंय. ऑगस्टमध्ये डब्याऐवजी फ्रीजमध्ये ठेवलेली साखर. शशीला दोनदा विचारलेला तोच प्रश्न. कॉव्हेंट्रीहून वरदने फोनवर म्हटलेलं — "आई, बाबा थोडी वेगळी वाटली." मी त्याचं मराठी सुधारत बसले. बाबा वेगळे वाटले, असं म्हणावं रे!

नियम मला माहीत आहे. डॉक्टरांना सांगितलं की ते पोलिसांना कळवणार. ह्यांचं बंदुकीचं सर्टिफिकेट जाणार. रायफल घरात ठेवता येणार नाही, टेबल रिकामं. ह्यांच्याकडे दुसरं आहे काय?

आणि नाही सांगितलं तर? ते काडतूस माझ्या गालापासून वीतभर अंतरावर फुटतं. आज चार ग्रेन कमी, उद्या चार जास्त. हेच ते हात, ज्यांच्यावर मी डोळे मिटून विश्वास टाकला.

रडून रडून डोकं दुखतंय. उद्या फोन करते.

९ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टर फार चांगली, तरुण. "हंड्रेडमधून सात वजा करत जा." ९३, ८६... मग हे हसले. ओशाळवाणं हसू. गणितात विद्यापीठात दुसरे आले होते. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

पुढच्या तपासण्या होतीलच. पोलिसांना कळवावं लागेल, ती म्हणाली, आय अॅम सो सॉरी.

परतताना, सिग्नलला:

"तू आधीच बोलली होतीस तिच्याशी."

"हो."

"बरं केलंस."

बस, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१६ ऑक्टोबर

बंदुकांचा दुकानदार येऊन सगळं घेऊन गेला. रायफल, पावडर, उरलेली काडतुसं. कपाटाची किल्ली ह्यांनी दोन्ही हातांनी दिली. मग टेबल ओल्या फडक्याने पुसलं, कोपरे धरून.

स्कॉटलंड रद्द केलं. जेरेमी फोनवर म्हणाला, मंगळवारी ह्यांना शेतावर घेऊन ये, कुंपण दुरुस्त करायला माणूस हवाय. खोटं आहे. कुंपण धडधाकट आहे.

मी चुगली केली. कितीही शहाण्या शब्दांत सांगा, नवऱ्याची चुगली केली. आणि पुरावा म्हणून डॉक्टरसमोर काय ठेवलं? ह्यांचीच वही. बघा, लिहितात एक आणि करतात एक. तेव्हा हे माझ्या शेजारी मान खाली घालून बसले होते.

२० ऑक्टोबर, रविवार

आज सकाळी हे अगदी पूर्वीसारखे होते. चहा घेताना धीर करून विचारलं, "अहो, वजनात कधीपासून चूक व्हायला लागली होती?"

"ती चूक नव्हती. चूक मार्चमध्ये झाली. अख्खी बॅच जास्त भरली होती मी. तू बूट घालत होतीस तेव्हा लक्षात आलं, पिशवीतून खोका काढून दुसरा ठेवला. त्यानंतर काडतुसं भरायच्या पुस्तकातलं सगळ्यात कमी वजन धरलं. पुन्हा हात चुकला, तरी तुझ्या तोंडाशी फुटू नये एवढी जागा सोडली."

"मग वहीत खरं का नाही लिहिलंत?"

"तू वही वाचतेस."